सकाळी डिस्प्ले नाही, अकरानंतर सगळं ठीक: पाचगणीतल्या एका डेस्कटॉपचं प्रकरण

"दादा, मशीन चालू होतंय, पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळीच. परत तेच सुरू झालं बघा."

डिसेंबर २०२४ मध्ये एका सकाळी पावणेनऊला ताईंचा हा फोन आला आणि त्यांच्या त्या 'परत'नं माझ्या पोटात गोळा आला. हेच मशीन त्याच वर्षी जानेवारीत मी स्वतः दुरुस्त करून दिलं होतं. रॅम काढून खोडरबरनं घासली, एक जुनी पट्टी बदलून दुसरी घातली, पाच-सहा वेळा चालू-बंद करून दाखवलं आणि पैसे घेऊन घाट उतरलो. आता अकरा महिन्यांनी दुखणं जसंच्या तसं पुढ्यात उभं होतं.

माझं दुरुस्तीचं काम वाईत. ताईंचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान वर पाचगणीत. शाळांचे फॉर्म, प्रकल्पांची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका, अर्ज असं सगळं काम या एका मशीनवर होतं. २०१३ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप: एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर व्हीजीए केबलवर. मध्ये २०२१ मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तेवढाच बदल. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबतच आलेला, म्हणजे मशीनइतकाच जुना.

तक्रार अशी. सकाळी बटण दाबलं की दिवा लागतो, सगळे पंखे फिरतात, स्क्रीनवर मात्र 'नो सिग्नल'. बटण दाबून धरायचं, बंद करायचं, परत चालू करायचं. असं पाच-सात वेळा केलं की अचानक डिस्प्ले येतो आणि मग रात्री आठपर्यंत मशीनची काही कुरकुर नाही. दुपारी रीस्टार्ट करा, विंडोज अपडेट होऊ द्या, जेवणाच्या वेळी बंद करून तासाभराने चालू करा, पहिल्या दाबाला डिस्प्ले हजर.

माझ्या आधीही दोघांनी हात लावला होता. एकानं व्हीजीए केबल बदलली. दुसऱ्यानं मदरबोर्डवरचा सीमॉसचा छोटा सेल बदलला आणि एसएमपीएस 'चेक' केला: हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडली, पंखा फिरला, एसएमपीएस चांगला. प्रत्येकाच्या हाताखाली मशीन चालू झालं. माझ्याही झालं. आम्ही तिघेही खोटं बोललो नव्हतो, पण आम्ही तिघेही अकराच्या सुमारास किंवा त्यानंतर पोचलो होतो, आणि तोवर ताईंनी सात-आठ वेळा बटण दाबलेलं होतं. मी तर एकदा मशीन गाडीवर टाकून पसरणी घाटातून खाली वाईला आणलं होतं. दुपारच्या उन्हात ते तीन दिवस माझ्या टेबलावर बिनतक्रार चाललं, आणि मी ते 'ओके' म्हणून परत पाठवलं.

या वेळी ठरवलं, आधी काही बदलायचं नाही. दोष समोर दिसल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही.

फोनवरून काय कळलं

पहिल्या दिवशी ताईंना दोन गोष्टी करायला सांगितल्या. स्क्रीन काळी असताना कीबोर्डवरचं नमलॉकचं बटण दाबून बघा, त्याचा दिवा लागतो-विझतो का? आणि मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा, मेनू दिसतो का?

मेनू दिसला, म्हणजे मॉनिटर जिवंत होता. नमलॉकचा दिवा मात्र दाद देईना. ही चाचणी फुकटची आहे आणि फार मोलाची आहे. मशीन आतून चालू होऊन फक्त चित्र येत नसेल, तर नमलॉक चालतो, कधी विंडोज सुरू झाल्याचा आवाजही येतो. मग केबल, मॉनिटर, ग्राफिक्स यांच्याकडे बघायचं. नमलॉक मेलेला असेल तर बायोसचं, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं, कामच सुरू झालेलं नाही किंवा मध्येच अडकलंय. म्हणजे व्हीजीए केबल बदलणं पहिल्या दिवसापासून वाया गेलं होतं.

ताईंनी आणखी एक गोष्ट आपणहून सांगितली. "एरवी चालू झालं की पंखा आधी जोरात घुमतो आणि मग शांत होतो. असं बिघडलं की तो घुमतच राहतो." अकरा वर्षं मशीनशेजारी बसणाऱ्या माणसाचा कान तो. प्रोसेसरच्या पंख्याचा वेग बायोस ताब्यात घेऊन कमी करतो. तो कमी होत नाही याचा अर्थ बायोसपर्यंत गोष्ट पोचतच नाही. नमलॉकनं सांगितलं तेच पंख्यानं सांगितलं.

मग त्यांना म्हटलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, त्याच चौकोनात रोज एक आकडा टाका: सकाळी कितव्या दाबाला डिस्प्ले आला. आठवड्यानं त्यांनी फोटो पाठवला. सोमवार ९, मंगळवार ५, बुधवार ६, गुरुवार ५, शुक्रवार ४, शनिवार ६, रविवार दुकान बंद, पुढचा सोमवार ११.

हे आकडे मी बराच वेळ बघत बसलो. रॅमचा संपर्क सैल असेल तर आकडे कसेही उड्या मारतील, सोमवार-शुक्रवार त्याला कळत नाही. इथे मात्र दुकान जितका जास्त वेळ बंद, तितका आकडा मोठा. ताई रात्री जाताना भिंतीवरचं बटणही बंद करतात. चांगली सवय आहे, पाचगणीच्या वळवाच्या विजा बघितलेल्या माणसाला ती लागतेच. पण त्यामुळे मशीन रात्रभर पूर्ण थंड पडतं. भिंतीवरचं बटण चालू असतं तेव्हा मशीन 'बंद' असूनही एसएमपीएसमधला ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग जागा राहतो आणि थोडा कोमटही राहतो.

म्हणून दोन रात्री भिंतीवरचं बटण चालूच ठेवायला सांगितलं. सकाळी पहिल्या दाबाला डिस्प्ले, दोन्ही दिवस. तिसऱ्या रात्री बंद केलं, सकाळी सहावा दाब. त्या वर्षी जानेवारीत सुरू झालेलं दुखणं उन्हाळ्यात का गायब झालं आणि माझ्या खोडरबरला त्याचं श्रेय का मिळालं, हे त्या क्षणी कळलं. रॅमच्या पट्टीचे पैसे ताईंना परत करायचे, हेही तेव्हाच ठरवलं.

रोज एकच थंड संधी

थंडीत येणाऱ्या दोषाची अडचण अशी की तो दिवसातून एकदाच भेटतो. पहिला दाब झाला की मशीन ऊब धरायला लागतं आणि पुढची प्रत्येक चाचणी गढूळ होते. शेजारी उभं राहून 'आता रॅम काढून बघू, आता सेल काढून बघू' असं सकाळी करत गेलं की जी गोष्ट सातवी केली तीच औषध वाटते. तेव्हा चाचणीची मांडणी आदल्या संध्याकाळीच करून ठेवायची आणि सकाळी फक्त बटण दाबायचं, असं ठरवलं. तीन संध्याकाळी वर गेलो, तीन सकाळी परत साडेसातला दुकानात हजर झालो. धुकं इतकं होतं की घाटात दिवे लावूनच गाडी चालवावी लागली.

पहिल्या संध्याकाळी दोन्ही रॅम काढून ठेवल्या आणि मदरबोर्डच्या स्पीकरच्या पिनांवर छोटा बजर लावला. आजकाल कॅबिनेटसोबत बजर येत नाही, पण माझ्या पेटीत तो कायम असतो, कारण काळ्या स्क्रीनचं मशीन फक्त त्याच्यातूनच बोलतं. रॅम नसलेल्या धडधाकट बोर्डनं बजर वाजवून ओरडायला हवं. खात्रीसाठी मशीन गरम असतानाच एकदा चालू करून बघितलं: लगेच बीप. मग भिंतीवरचं बटण बंद करून घरी.

सकाळी पहिला दाब. पंखे घुमले, बजर गप्प. दुसरा दाब, गप्प. पाचव्या दाबाला बीप ऐकू आली.

इथे रॅमचा विषय कायमचा संपला. रॅम बोर्डवर नसतानाही दोष तसाच येतो आणि तसाच जातो, मग तो रॅमचा कसा असेल? आता उरले तिघे: एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर. प्रोसेसर असा थंडीवाऱ्यावर बिघडलेला मी क्वचितच पाहिलाय, म्हणून खरा प्रश्न पहिल्या दोघांचा.

दुसऱ्या संध्याकाळी रॅम परत बसवल्या आणि मोठ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूनं दोन मल्टिमीटरच्या सळया घालून ठेवल्या. एक जांभळ्या वायरवर, एक करड्या वायरवर. जांभळी म्हणजे ५ व्होल्ट स्टँडबाय. करडी म्हणजे 'पॉवर गुड'. या करड्या वायरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अख्खं प्रकरण तिच्यावर फिरलं. एसएमपीएस चालू झाला की लगेच प्रोसेसर पळायला लागत नाही. आधी १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे जागेवर येतात, एसएमपीएसमधली देखरेख करणारी चिप ते तपासते, १०० ते ५०० मिलिसेकंद थांबते आणि मग करड्या वायरवर जवळपास ५ व्होल्ट देऊन बोर्डाला सांगते, 'आता ये'. तोवर बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. पंख्यांना या निरोपाशी देणंघेणं नसतं. त्यांना १२ व्होल्ट मिळाले की ते फिरतात. म्हणजे पंखे फिरतायत, दिवे लागलेत आणि बाकी सगळं मेलंय, हे चित्र करड्या वायरचा निरोप न आल्यावर हुबेहूब असंच दिसतं.

सकाळी भिंतीवरचं बटण चालू केलं. जांभळ्या वायरवर ४.६१ व्होल्ट. नियमाप्रमाणे ५ टक्क्यांची सूट असते, म्हणजे ४.७५ च्या खाली जाता कामा नये. पुढचं बटण दाबलं, पंखे घुमले. करड्या वायरवर ०.२. तिथेच बसून राहिली. हात थरथरत नव्हता, पण दोन हिवाळे तिघांना चकवणारी गोष्ट आकड्यात दिसली की छातीत धडधडतंच. पिवळी, लाल, नारिंगी वायर तपासली: १२.०८, ५.०२, ३.३१. सगळं ठणठणीत, आणि करडी मात्र मुकी. सहाव्या दाबाला जांभळी ४.८८ वर होती, करडी उडी मारून ४.९ ला गेली आणि स्क्रीनवर बायोसची अक्षरं आली.

कुणी इथेच एसएमपीएस बदलेल, आणि तो बरोबरही ठरेल. मला मात्र एक शंका होती. मदरबोर्डवरचाच एखादा भाग स्टँडबायचा पुरवठा खाली ओढत असेल तर? मग नवा एसएमपीएसही वर्षभरात तोच त्रास काढेल. म्हणून तिसरी सकाळ.

त्या दिवशी कॅबिनेट बंदच ठेवलं. भिंतीवरचं बटणही बंद. ताईंचा हेअर ड्रायर मंद गरमवर ठेवून फक्त मागच्या एसएमपीएसच्या जाळीतून पाच मिनिटं ऊब दिली. मदरबोर्ड तसाच गारठलेला. मग बटण दाबलं. पहिल्या दाबाला डिस्प्ले.

ताई बाजूला चहा घेऊन उभ्या होत्या. "म्हणजे याला थंडी वाजत होती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो ताई, अगदी तसंच."

उलट तपासणी

माझ्याकडचा एक खात्रीचा ४५० वॉटचा एसएमपीएस तिथे बसवला आणि जुना घेऊन खाली आलो. दोष खरंच त्या डब्यात असेल तर तो डब्यासोबत वाईला यायला हवा आणि पाचगणीत उरता कामा नये. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय माझं समाधान होणार नव्हतं. जुना एसएमपीएस रात्री ओसरीवर कापडाखाली ठेवला, पहाटे सहाला माझ्या वर्कशॉपमधल्या दुसऱ्याच मदरबोर्डला जोडला. वाईतही तेव्हा चांगली थंडी होती. पंखे घुमले, करडी वायर मुकी. चौथ्या दाबाला बोर्ड चालू. वर पाचगणीत त्याच सकाळी ताईंच्या चौकोनात आकडा पडला: १.

क्लिपची चाचणी का फसते, तेही याच टेबलावर करून बघितलं. थंडगार एसएमपीएसची हिरवी-काळी जोडली, पंखा झोकात फिरला. करडीवर मीटर लावला तर शून्याच्या आसपास. पंखा हा एसएमपीएस चांगला असल्याचा पुरावा कधीच नव्हता. क्लिप लावायचीच असेल तर मीटर करडीवरही लावावा.

मग डबा उघडला. एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो: २३० व्होल्टचा पुरवठा आत गेल्यावर वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे राहतात. ज्यानं हे काम शिकलेलं नाही त्यानं एसएमपीएस उघडू नये. मीही आधी तो कपॅसिटर मीटरनं तपासला, मगच हात घातला.

आत झेरॉक्सच्या कागदाची करडी धूळ फेल्टसारखी बसली होती. ती ब्रशनं झाडली तेव्हा स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारी दोन कपॅसिटर दिसले, १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचे. एकाचं डोकं जरासं फुगलेलं, बोट फिरवलं तरच कळेल इतकंच. दुसरा दिसायला नवा. काढून टेस्टरवर लावले तर फुगलेला २१० दाखवत होता आणि दिसायला नवा असलेला १८५. डोळ्यांनी बघून कपॅसिटर पास करणाऱ्यांसाठी हा दुसरा मी अजून जपून ठेवलाय.

या कपॅसिटरच्या पोटात ओला रसायनी द्रव असतो. थंडीत तो जड होतो आणि आतला विरोध वाढतो. नव्या कपॅसिटरमध्ये इतकी शिल्लक असते की पाचगणीच्या थंडीनं काही बिघडत नाही. इथे द्रव सुकत सुकत शिल्लक संपली होती. थंड असताना स्टँडबायचा पुरवठा खाली बसायचा, त्यावर चालणारी देखरेखीची चिप नीट उठायची नाही आणि करडा निरोप जायचा नाही. दर दाबागणिक कपॅसिटरमधून प्रवाह जाऊन तो किंचित तापायचा, आणि पाचव्या-सहाव्या दाबाला कसाबसा उंबरठा ओलांडायचा. रविवारी दुकान बंद म्हणून सोमवारी जास्त दाब. सगळे चौकोन जुळले.

२००० च्या सुमाराच्या बोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर आले होते, ते दोन-तीन वर्षांतच फुटायचे. तो प्रकार इथे नाही. इथे साधं वय झालं होतं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो, असा आमच्यातला ठोकताळा आहे. ६५ अंशांवर तो ३२,००० तासांपर्यंत जातो. ताईंचं मशीन रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस, ११ वर्षं चाललं: ३३,००० तास. त्या कपॅसिटरनं आपलं काम चोख केलं होतं. धूळ नसती तर आणखी दोन वर्षं काढली असती, असं मला वाटतं.

नुसते ते दोन कपॅसिटर बदलूनही मी बघितलं. खर्च चहाइतका. तो डबा आठवडाभर रोज पहाटे ओसरीवरून उचलून पहिल्या दाबाला चालू झाला, म्हणजे निदान पक्कं ठरलं. तरीही तो ताईंना परत दिला नाही. बाकीचे कपॅसिटरही त्याच वयाचे, पंख्याचं बेअरिंग सैल, आणि त्यांचं सगळं काम या एकाच मशीनवर. नवा एसएमपीएस दिला, रॅमच्या पट्टीचे पैसे त्यातून वळते केले, आणि तीन महिन्यांनी ब्लोअर मारायला येतो म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत काही कागद छापायला वर गेलो होतो. कॅलेंडरचं पान उलटलेलं होतं. दुधाच्या लिटरांशेजारी ताई अजून आकडा लिहीत होत्या, मी थांबवायला विसरलो होतो. जानेवारीचं पान वर करून बघितलं. सोमवारच्या चारही चौकोनांत १.